दोष कोणाचा? घरच्या संगणकाविषयीं चार शब्द

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे प्रथम शोध होतो तो बिघाडाचा नव्हे, तर ती वस्तु शेवटीं कोणीं हाताळली याचा. घड्याळ बंद पडलें कीं चावी कोणीं दिली, दिव्याची कांच फुटली कीं जवळून कोण गेलें, हे प्रश्न आपल्या तोंडून आधीं निघतात. घड्याळ कां थांबलें हा प्रश्न पुष्कळ वेळां निघतच नाहीं. ही संवय जुनी आहे. हल्लीं पुष्कळ घरांत संगणक आल्यामुळें तिला एक नवें क्षेत्र मिळालें आहे इतकेंच. काम चालू असतां संगणक एकाएकीं बंद होऊन आपोआप पुन्हां सुरू होऊं लागला म्हणजे घरांतील वडील माणसें यंत्राकडे न पाहतां मुलांकडे पाहूं लागतात. या वार्षिकाच्या वाचकांत विद्यार्थी आहेत आणि त्यांचे पालकही आहेत. म्हणून या विषयावर उभयतांस कांहीं सांगावें असें आम्हांस वाटतें. सांगण्याचा आमचा अधिकार एवढाच कीं, ही चूक आम्हीं स्वतः केली आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरचा संगणक असा वागूं लागला. यंत्र टेबलावर ठेवावयाचें, चारपांच वर्षांचें. आमचें कचेरीचें थोडें काम, कुटुंबाचे फोटो आणि नववींत शिकणाऱ्या आमच्या मुलीचा अभ्यास, एवढा संसार त्यावर चाले. एके सकाळीं मुलगी विज्ञानाचा प्रकल्प लिहीत असतां पडदा काळा झाला, आणि क्षणभरानें यंत्र जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत नव्यानें सुरू झालें. अर्ध्या तासाचें लिखाण गेलें. दोन दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार झाला. मुलीनें पंधरा दिवसांपूर्वीं चित्रें काढण्याचा एक प्रोग्रॅम यंत्रांत घातला होता, हें आम्हांस ठाऊक होतें. तेवढ्यावरून आम्हीं निकाल दिला. प्रोग्रॅम काढून टाकिला, आणि सहामाही परीक्षा होईपर्यंत तिनें संगणकास हात लावूं नये अशी ताकीद दिली. "बाबा, तो प्रोग्रॅम चालू नसतांनाही असें होतें," असें ती म्हणाली. आम्हीं तें ऐकून घेतलें नाहीं. प्रकल्पाचा उरलेला भाग तिनें मैत्रिणीच्या घरीं जाऊन पुरा केला.

प्रोग्रॅम गेला, मुलगी दूर झाली, आणि यंत्र मात्र पूर्वींप्रमाणेंच बंद पडत राहिलें. वास्तविक येथेंच आम्हीं थांबून विचार करावयास हवा होता. तसें न करतां आम्हीं एका दुरुस्ती करणारास बोलाविलें. त्यानें पांच मिनिटें यंत्र पाहिलें आणि मदरबोर्ड गेला आहे, नवा घालावा लागेल, असें सांगितलें. खर्च कांहीं हजारांचा होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार व्हावयाचा. तो टळला तो मुलीच्या एका वहीमुळें.

संगणकास हात लावण्याची तिला बंदी होती, त्याच्याकडे पाहण्याची नव्हती. यंत्र केव्हां बंद पडतें हें ती एका जुन्या वहींत टिपून ठेवीत होती. तारीख, वेळ, त्या वेळीं यंत्रावर कोणतें काम चालू होतें, आणि पडद्यावर काय दिसलें, असे चार रकाने तिनें आंखले होते. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकीं नऊ नोंदी सकाळीं साडेसहा ते सात आणि संध्याकाळीं साडेसात ते आठ या वेळांतील होत्या. आमच्या इमारतींतील पाण्याचा पंप सुरू होण्याच्या वेळा याच. त्या नऊ वेळीं काम निरनिराळें होतें. एकदां तर यंत्र नुसतें चालू होतें, त्याच्यापुढें कोणीच बसलेलें नव्हतें. राहिलेल्या दोन नोंदी रात्रीं अकरानंतरच्या होत्या आणि त्यांच्यापुढें "यंत्र सावकाश, नीट बंद झालें" असें लिहिलें होतें.

ही वही पाहून आमचे डोळे उघडले. पंपाची मोटर सुरू होतांना ती चालतांना लागणाऱ्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढते, आणि त्याच तारेवरील घरांत विजेचा दाब तेवढ्यापुरता उतरतो. दिवे जरा मंद होतात तें यामुळें. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आणि तिचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात. म्हणजे एका आवर्तनास २० मिलिसेकंद लागतात. बाहेरची वीज अगदीं नाहींशी झाली तर संगणकाच्या पेटींतील एसएमपीएस सुमारें १६ मिलिसेकंद, म्हणजे एका आवर्तनाहूनही कमी वेळ, यंत्रास सांभाळण्याच्या बेतानें केलेला असतो. आपल्याकडून जाणारे दाब योग्य आहेत अशी एक खूण तो मदरबोर्डास सतत देत असतो. ती खूण ढळली कीं यंत्र थांबतें, आणि ती परत आली कीं नव्यानें सुरू होतें. अशा प्रसंगीं आधार असावा म्हणून आम्हीं यूपीएस ठेविला होता. दाब उतरला कीं तो संगणकास आपल्या बॅटरीवर घेतो. परंतु ती बॅटरी शिशाची आणि आम्लाची. तिचें आयुष्य साधारणतः तीनचार वर्षांचें असतें, आणि आमची बॅटरी तर यंत्राइतकीच जुनी होती. दाब उतरतांच यूपीएस भार उचलावयास जाई आणि स्वतःच कोलमडे.

तरीही या वेळीं आम्हीं लगेच निकाल दिला नाहीं. दुधानें तोंड पोळलें म्हणजे मनुष्य ताकही फुंकून पितो. मुलीच्या सूचनेवरून आम्हीं एकच फरक केला. यूपीएस वगळून संगणक सरळ भिंतीवरील सॉकेटला जोडला आणि आठ दिवस इतर कशासही हात लावला नाहीं. पंपाच्या वेळीं दिवे नेहमींप्रमाणें मंद झाले. यंत्र एकदांही बंद पडलें नाहीं. दाबाचा तेवढा उतार एसएमपीएसला एकट्यानें सोसवत होता. आड येत होता तो गळालेला यूपीएसच. मग यूपीएसमध्यें नवी बॅटरी घालून तो परत जोडला. तेव्हांपासून तो प्रकार थांबला आहे. मदरबोर्डाच्या मानानें खर्च अगदींच थोडा आला. रात्रींच्या दोन नोंदींचा उलगडा वेगळाच निघाला: विंडोजनें अपडेट बसवून घेऊन त्या दोन वेळीं यंत्र स्वतःच रीतसर बंद करून सुरू केलें होतें. चोर सोडून संन्याशास सुळीं देणें ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. ती आमच्याच घरांत आम्हीं खरी करून दाखविली.

या अनुभवावरून आमचें मत असें झालें आहे कीं, यंत्र आपोआप बंद पडून सुरू होणें हें ज्वराप्रमाणें एक लक्षण आहे, रोग नव्हे. एका लक्षणाच्या मागें दहा रोग असूं शकतात. आमच्या घरीं तर एकाच वेळीं दोन कारणें होतीं. म्हणून पुरावा गोळा होण्यापूर्वीं माणसास दोष देऊं नये आणि नवी वस्तुही विकत आणूं नये. आधीं नोंद ठेवावी. मग एका वेळीं एकच फरक करून पाहावा. चार फरक एकदम केले आणि यंत्र बरें झालें, तर कोणत्या फरकानें तें बरें झालें हें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस आपण पूर्वींइतकेच अज्ञानी राहतों.

हें करावें कसें, तें थोडक्यांत सांगतों. सर्वांच्या आधीं आपले फोटो, अभ्यास व कागदपत्रें यांची नक्कल वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर करून ठेवावी. यंत्र पुन्हां विकत मिळतें. आजीचा फोटो मिळत नाहीं. त्यानंतर यंत्र कोणत्या रीतीनें बंद पडतें हें नीट पाहावें. या रीती मुख्यतः तीन आहेत.

पहिल्या रीतींत पडद्यावर सूचना येते आणि यंत्र सावकाश, रीतसर बंद होऊन सुरू होतें. हा बहुधा बिघाड नव्हेच. अपडेट बसविल्याचा तो परिणाम असतो. आपल्या कामाच्या वेळा विंडोजमध्यें "ॲक्टिव्ह अवर्स" या ठिकाणीं नोंदवून ठेविल्या म्हणजे त्या वेळांत असें होण्याचें बहुधा टळतें.

दुसऱ्या रीतींत पडद्यावर क्षणभर अक्षरें चमकून जातात. हा पडदा वर्षानुवर्षें निळा असे. विंडोज ११ मध्यें २०२५ पासून तो काळा झाला आहे. पुढें चालणें घातक होईल असा दोष आंत आढळला म्हणजे विंडोज स्वतःच थांबते आणि कारणाचें सांकेतिक नांव लिहून दाखविते. परंतु मूळच्या मांडणींत थांबल्यावर आपोआप पुन्हां सुरू होण्याची योजना असते, त्यामुळें तीं अक्षरें वाचण्यापूर्वींच नाहींशीं होतात. "सिस्टीम प्रॉपर्टीज" मधील "ॲडव्हान्स्ड" भागांत "स्टार्टअप अँड रिकव्हरी" म्हणून चौकट आहे. तेथील "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट" पुढची खूण काढली कीं अक्षरें टिकून राहतात आणि उतरून घेतां येतात. अशा बिघाडाचें मूळ पुष्कळदां एखादा ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्क यांत असतें. रॅम तपासण्यासाठीं विंडोजमध्येंच "मेमरी डायग्नोस्टिक" आहे. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक पट्टी ठेवून यंत्र चालवून पाहणें हीही चांगली परीक्षा आहे.

तिसऱ्या रीतींत कोणतीही सूचना नाहीं, अक्षर नाहीं. यंत्र एकदम मरतें आणि उठतें. आमच्या घरचा प्रकार हा. येथें वीज, उष्णता, सैल झालेली तार, अडकून बसलेलें रीसेटचें बटण यांचा संशय आधीं घ्यावा. जड काम चालू असतां कांहीं मिनिटांनींच यंत्र बंद पडत असेल, तर पंखा फिरतो कीं नाहीं आणि जाळींत धूळ किती बसली आहे हें पाहावें. प्रोसेसर फार तापला म्हणजे प्रथम आपला वेग कमी करतो. ही मर्यादा पुष्कळ प्रोसेसरांत १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेवढ्यानें भागलें नाहीं तर इजा टाळण्यासाठीं यंत्रच बंद होतें. खेळ चालू असतांनाच यंत्र बंद पडतें, एवढ्यावरून खेळ अपराधी ठरत नाहीं. चढ चढतांना धाप लागली तर दोष चढाचाच असतो असें नाहीं. छाती तपासून पाहावी लागते.

यंत्र स्वतःचीही एक रोजनिशी ठेवीत असतें. विंडोजमध्यें तिला "इव्हेंट व्ह्यूअर" म्हणतात. तिच्यांत १०७४ या क्रमांकाची नोंद असेल तर यंत्र ठरवून बंद केलें गेलें, आणि तें कोणत्या प्रोग्रॅमनें केलें हेंही तेथें कळतें. रात्रींचा उलगडा आम्हांस येथेंच झाला. "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद पाहून मात्र पुष्कळ लोक फसतात. नांवांत पॉवर आहे म्हणून वीजपुरवठ्याचाच दोष सांपडला असें ते समजतात. तिचा अर्थ एवढाच कीं, मागच्या खेपेस यंत्र रीतसर बंद न होतां पुन्हां सुरू झालें. घरीं चोरी झाली असें चौकींतील वहींत लिहिलें गेलें म्हणजे चोर कोण तें ठरत नाहीं.

येथें एक इशारा दिलाच पाहिजे. पेटी उघडण्यापूर्वीं यंत्र बंद करून भिंतीवरील प्लग काढावा. एसएमपीएसची स्वतःची पेटी तर मुलांनीं आणि वडिलांनींही कधींच उघडूं नये. प्लग काढल्यावरही तिच्या आंतील कपॅसिटरांत धोकादायक वीज सांठून राहूं शकते. धैर्य आणि अविचार यांत अंतर आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या उठाठेवीपेक्षां मुलांस चार दिवस दूर ठेवणें सोपें. सोपें खरें, पण तें खऱ्या कारणापर्यंत क्वचितच पोंचतें. ऑगस्ट २००३ मध्यें "ब्लास्टर" नांवाचा किडा जगभर पसरला. विंडोज एक्सपी असलेल्या यंत्रांवर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि यंत्र बंद होऊन पुन्हां सुरू होई. ज्या छिद्रांतून तो किडा शिरे त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १६ जुलै रोजींच दिली होती. ती बसविण्याचें ज्यांनीं "उद्यां पाहूं" म्हणून लांबविलें तेच सांपडले. दुसरें उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांवर खेळ व इतर प्रोग्रॅम अकस्मात् कोसळूं लागले. कोणीं खेळ तयार करणारांस बोल लाविला, कोणीं ग्राफिक्स कार्डास. कांहीं खेळ तर व्हिडिओ मेमरी अपुरी आहे अशी भलतीच तक्रार पडद्यावर दाखवीत. शेवटीं जुलै २०२४ मध्यें इंटेलनेंच जाहीर केलें कीं, मायक्रोकोडमधील चुकीमुळें प्रोसेसर जरुरीहून अधिक व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्यें दुरुस्ती आली. पण ज्या प्रोसेसरांस तोंवर इजा पोंचली होती ते तिनें बरे झाले नाहींत. त्या अवधींत किती घरांत खेळणाऱ्या मुलांस बोलणीं बसलीं असतील याची कल्पना वाचकांनींच करावी.

मुलें नेहमींच निर्दोष असतात असें आमचें म्हणणें नाहीं. फुकट मिळाला म्हणून कोठून तरी उतरवून घेतलेला चोरटा प्रोग्रॅम, किंवा कोणास न विचारतां घातलेला ड्रायव्हर, यांनीं यंत्र खरोखर बिघडतें. ज्या विद्यार्थ्यानें असें कांहीं केलें असेल त्यानें तें आपण होऊन सांगावें. परंतु खरें सांगण्याचें धैर्य ज्या घरांत आधींच शिक्षा ठरलेली असते तेथें येत नाहीं. कारण शोधावयाचें आहे, अपराधी नव्हे, अशी मुलाची खात्री पटली म्हणजे तो पुष्कळ गोष्टी सांगतो, आणि त्यांतच बहुधा कारण असतें. आमच्या मुलीनें पहिल्याच दिवशीं दिलेली माहिती बरोबर होती. ती आम्हीं ऐकली असती तर तीन आठवडे वांचते.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा अनादर करावा असेंही आम्हांस सुचवावयाचें नाहीं. घरीं उलगडा झाला नाहीं तर त्याच्याकडे जावेंच. मात्र जातांना नोंदींची वही बरोबर न्यावी. रोगी नुसता "बरें नाहीं" म्हणून बसला तर चांगला वैद्यही अंदाजच करील. ताप केव्हां चढतो आणि केव्हां उतरतो हें सांगितलें तर त्यास नाडी पाहणें सोपें जातें. आमच्याकडे आलेल्या कारागिरास आम्हीं काय सांगितलें होतें? "मुलीनें कांहींतरी केलें आहे," एवढेंच.

विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें असें कीं, प्रयोगशाळेंत निरीक्षण, तर्क आणि पडताळा हीं जीं तीन पावलें गुरुजन शिकवितात, तीं परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत लिहिण्यापुरतीं नाहींत. घरांतील बिघडलेलें यंत्र हीसुद्धां एक प्रयोगशाळाच आहे. चार रकान्यांची वही आणि थोडा धीर एवढें भांडवल तेथें पुरतें. पालकांस आमची विनंति अशी कीं, पुढच्या वेळीं यंत्र बंद पडलें तर "तूं काय केलेंस?" असें विचारण्यापूर्वीं "तूं काय पाहिलेंस?" असें विचारावें.

बॅटरी बदलल्याच्या संध्याकाळीं आम्हीं मुलीची क्षमा मागितली. वडिलांनीं मुलांची क्षमा मागणें आपल्याकडे फारसें प्रचारांत नाहीं, आणि आम्हांसही तें जड गेलें. ती "असूं द्या, बाबा" म्हणाली. चित्रांचा प्रोग्रॅम तिनें पुन्हां घातला आहे. वही मात्र तिनें मिटली नाहीं. यंत्राशेजारीं ती अजून ठेविलेली असते, आणि नव्या बॅटरीची तारीख तिनें तींत आम्हांस आमच्या हातानें लिहावयास लाविली आहे.